जीवदयेची नोंदवही

बँकेतून निवृत्त झालेला एक अधिकारी आफ्रिकेत जाऊन कुत्र्यांच्या लसीकरणात सहभागी झाला, हे ऐकल्यावर आमच्या आप्तेष्टांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर प्रथम स्मित उमटते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "पण तिथे तुमचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी एम.कॉम.; पशुवैद्यकाशी माझा दूरान्वयानेही संबंध नाही. इंजेक्शनची सुई स्वतःच्या दंडात शिरताना आजही मी मान वळवतो. तेव्हा मलावीतील ब्लँटायर शहरात मी दोन आठवडे काय केले हे सांगण्यापूर्वी मी तेथे का गेलो, हे सांगणे आवश्यक आहे. आणि ते सांगण्यासाठी मला सुमारे पस्तीस वर्षे मागे, एका खेड्यातील शाखेच्या पायरीपाशी जावे लागेल.

शाखेची पायरी

नोकरीच्या पूर्वार्धात माझी बदली एका आडवळणाच्या गावी झाली होती. शाखा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. त्या ओसरीवर एक पिवळसर रंगाची कुत्री येऊन बसे. आमच्या घरी सांजसकाळ मुक्या जिवाला घास काढून ठेवण्याची रीत. म्हणून सौभाग्यवती माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या देत असे आणि दुपारच्या सुट्टीत त्या मी तिला घालीत असे. पुढे ओसरीच्या कोपऱ्यात तिला चार पिले झाली. एक पोते अंथरून मी त्यांची व्यवस्था केली. येणारेजाणारे कौतुक करीत आणि मलाही त्याचे समाधान वाटे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आमच्या शिपायाचा सात-आठ वर्षांचा मुलगा शाळा सुटली की त्या पिलांशी खेळायला येई. एके दिवशी त्यांतले एक पिलू मरून पडलेले आढळले. पोटात काहीबाही गेले असेल, असे म्हणून आम्ही ते मागच्या परसात पुरले. त्यानंतर महिना-दीड महिन्याने त्या मुलाला ताप भरला. तो पाणी पिईना. भांडे समोर आणले की त्याचा घसा आवळून येई. पंख्याचा वारा लागला तरी तो दचके. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेल्यावर तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याविषयी. तेव्हा आईला आठवले की, मध्यंतरी त्याच्या बोटावर एक बारीकशी जखम होती आणि तिच्यावर तिने हळद लावली होती. तिसऱ्या दिवशी मूल गेले.

दिवसकार्य आटोपून आमचा शिपाई कामावर रुजू झाला. नेहमीप्रमाणे त्याने माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. कदाचित ते त्याच्या मनातही आले नसेल. माझ्या मनात मात्र ते आले, आणि आजतागायत गेलेले नाही. मी घास घातला, पोते अंथरले; परंतु पिलू मेले तेव्हा ते का मेले, हे विचारावे असे मला सुचले नाही. रोजच्या रोकडीत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसून तो शोधणाऱ्या माणसाने एका मृत्यूची नोंदसुद्धा घेतली नव्हती.

भाचीचे निमंत्रण

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी माझी भाची घरी आली होती. ती मुंबईत शिकलेली पशुवैद्य आहे. 'मिशन रेबीज' या संस्थेच्या मोहिमेत ती मलावीला एकदा जाऊन आली होती आणि पुन्हा निघाली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, टोचणारे हात पुष्कळ मिळतात. प्रत्येक कुत्र्याची नीट नोंद करणारा माणूस मात्र मिळत नाही. तुम्ही चला ना." त्या क्षणी मी हसण्यावारी नेले, रात्री झोप लागली नाही. सकाळी मी पारपत्र शोधून काढले.

'मिशन रेबीज'चा आरंभ २०१३ साली भारतातच झाला. ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गॅम्बल हे तिचे संस्थापक. पुढे २०१५ साली संस्थेने मलावीतील ब्लँटायर शहरात काम सुरू केले. त्यामागचे कारण हृदय पिळवटणारे आहे. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल या मोठ्या सरकारी रुग्णालयात रेबीजने दगावणारी मुले एकामागून एक येत होती, आणि तेथील बालरोगतज्ज्ञांना त्यांच्यासाठी वेदना कमी करण्यापलीकडे काहीही करता येत नव्हते. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक असतो. उपाय आहे तो लक्षणे दिसण्यापूर्वी, आणि त्याहूनही खात्रीचा उपाय आहे तो माणसाच्या नव्हे, कुत्र्याच्या शरीरात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी नव्व्याण्णव टक्के रेबीज कुत्र्यांमार्फत येतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे. त्यांतील सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, आणि एकूण मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मृत्यू आपल्या भारतात होतात. ५९,००० हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच मूल होते.

तयारी करावी लागली ती शरीराची. मला स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी लागली. आमचा प्रवास इथिओपियातील अदिस अबाबामार्गे होता, त्यामुळे परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ असणे अनिवार्य होते. साठी उलटलेल्यांना ही लस विचारपूर्वक द्यावी लागते. म्हणून माझ्या डॉक्टरांनी आधी सर्व तपासण्या करून घेतल्या. हिवतापाच्या गोळ्या होत्याच. विमानभाडे आणि राहण्याचा खर्च स्वयंसेवकाने स्वतः करावयाचा असतो. सौभाग्यवतीने विचारले, "इतक्या पैशांत इथल्या पांजरपोळाला चारा नसता का देता आला?" या प्रश्नाला त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते.

ब्लँटायरच्या वस्त्यांमध्ये

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातील चिंचोळा देश. पूर्वीचे त्याचे नाव न्यासालँड. १९६४ साली तो स्वतंत्र झाला. ब्लँटायर हे तेथील व्यापाराचे प्रमुख शहर. १८७६ मध्ये स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी ते वसवले आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या जन्मगावाचे नाव त्याला दिले. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर वसलेल्या या शहराभोवती एनदिरांडे, सोचे आणि मिचिरू या डोंगरांचा वेढा आहे. मे महिना हा तेथे थंडीचा आरंभ. सकाळी स्वेटर घालावा लागे. मक्याची कापणी नुकतीच झालेली. अंगणांतून कणसे वाळत पडलेली. लाल मातीच्या वाटा, विटांची बुटकी घरे, डोक्यावर पाण्याच्या बादल्या घेऊन चाललेल्या स्त्रिया. चेहरे आणि भाषा सोडली तर आपल्याच एखाद्या तालुक्याच्या गावी आल्यासारखे वाटावे.

जवळच्या लिंबे भागात गुजराती व्यापाऱ्यांची जुनी दुकाने आहेत, त्यामुळे तूरडाळ, तांदूळ आणि हिंगसुद्धा मिळाले. तेथील मुख्य अन्न 'न्सिमा', म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत शिजवलेले घेवड्याचे दाणे, नाहीतर शेंगदाण्याचे कूट घातलेली पालेभाजी. माझ्या पथ्याला हे सारे चालण्यासारखे होते. सूर्यास्त सायंकाळी साडेपाचच्या आतच होई, त्यामुळे दिवसा जेवण उरकण्याची मात्र तारांबळ उडे. काही दिवस दुपारच्या शिदोरीवरच भागवले.

कामाची पद्धत अशी होती. सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेच्या आवारात किंवा बाजारापाशी केंद्र लावावयाचे. आदल्या दिवसापासून ध्वनिक्षेपक लावलेली गाडी वस्तीतून फिरे. सकाळी पाहावे तो रांग लागलेली. आणि त्या रांगेत बहुतांशी मुले. कोणी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने, कोणी विजेच्या जुन्या वायरीने कुत्रा बांधून आणलेला. कोणी ढकलगाडीत कुत्री आणि तिची पिले बसवून आणलेली. एकाने तर पाठीवरच्या दप्तरात पिलू आणले होते, फक्त त्याचे नाक तेवढे बाहेर. इतर दिवशी घरोघर फिरावयाचे. चमूत एक पशुवैद्य, एक स्थानिक पशुआरोग्य साहाय्यक, चालक, एक-दोन स्वयंसेवक आणि नोंद करणारा मी.

लस बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली असते. एका बाटलीत दहा मात्रा. एका कुत्र्याला एक मिलिलिटर. टोचल्यावर त्याच्या डोक्यावर रंगाची एक रेघ ओढतात, म्हणजे तो पुन्हा धरला जात नाही. मालकाला एक कार्ड देतात. नोंद भ्रमणध्वनीवरच्या खास ॲपमध्ये होते: नर की मादी, वय किती, पाळलेला की मोकाट, प्रकृती कशी, आणि ती जागा नकाशावर आपोआप उमटते. रात्री साऱ्या चमूंच्या नोंदी एकत्र होतात आणि उद्या कोणत्या गल्लीत जायचे ते ठरते. २०१५ साली पहिल्याच मोहिमेत या पद्धतीने केवळ वीस दिवसांत ३५,००० हून अधिक कुत्र्यांचे लसीकरण झाले होते. आमच्या काळी सबंध शाखेचे व्याज हाताने काढायला तीन रात्री लागत. ते आठवून मी थक्क झालो.

मुले मला 'अगोगो' म्हणत. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ आजोबा. कुत्रा म्हणजे 'गालू', आणि रेबीज म्हणजे 'चिवेवे'. धन्यवादाला 'झिकोमो'. एवढ्या चार शब्दांच्या भांडवलावर माझा दोन आठवड्यांचा व्यवहार चालला.

सत्तर टक्क्यांचा अर्थ

या मोहिमेचे सारे गणित एका आकड्याभोवती फिरते: सत्तर. एखाद्या भागातील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली, तर रोगाची साखळी तुटते. पिसाळलेला कुत्रा ज्यांना चावेल त्यांतले बहुतेक सुरक्षित असतात. रोगाला पुढे जायला वाट उरत नाही आणि लस न मिळालेल्या तीस टक्क्यांचेही आपोआप रक्षण होते. परंतु पन्नास टक्क्यांवर थांबलात, तर काही महिन्यांत सारे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. कारण कुत्र्याचे आयुष्य थोडे. जुने मरतात, नवी पिले जन्मतात, आणि त्या पिलांना लस नसते. म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे मागील शिल्लक पूर्णपणे पुढे ओढता येत नाही.

सत्तर टक्के खरोखर झाले की नाही, हे अंदाजाने ठरवत नाहीत. लसीकरण संपल्यावर वेगळी माणसे त्याच गल्ल्यांतून फिरतात आणि डोक्यावर रंग असलेले किती व नसलेले किती, हे मोजतात. प्रमाण कमी भरले तर चमू पुन्हा तेथे जातो. आमच्याकडच्या अंतर्गत तपासणीसारखेच हे. फरक इतकाच की येथे तपासनिसाला फसवता येत नाही. डोक्यावर रेघ आहे किंवा नाही.

एकाचा फरक

पाचव्या दिवशीची गोष्ट. बांग्वे वस्तीत आम्ही घरोघर फिरत होतो. सायंकाळी सवयीने मी मेळ घातला. ॲपमध्ये नोंदी ६८. रिकाम्या बाटल्या सहा, सातवीत तीन मात्रा शिल्लक; म्हणजे वापरलेल्या मात्रा ६७. एकाचा फरक.

चमूतील तरुण मंडळी दमली होती. एखादा थेंब इकडेतिकडे होतोच, असे ती म्हणाली. आमचा प्रमुखही म्हणाला की, एका मात्रेने टक्केवारी बदलत नाही. ते खरेच होते. पण येथे मात्रा कमी नव्हती, जास्तीची उरली होती. सांडलेली लस बाटलीत परत येत नाही. याचा अर्थ एकच: कोणत्या तरी कुत्र्याची नोंद झाली होती, मालकाच्या हाती कार्ड पडले होते, आणि लस मात्र टोचली गेली नव्हती.

मी डोळे मिटून दिवस आठवू लागलो. दुपारी एका घरासमोर एक दहाएक वर्षांचा मुलगा ट्यूबच्या दोरीने तांबूस कुत्रा धरून उभा होता. कुत्र्याचे नाव बॉबी. मी नोंद केली, कार्ड लिहून मुलाच्या हाती दिले; तेवढ्यात कुत्र्याने हिसडा दिला, एकच गलका झाला, मुले धावली. शेजारच्या अंगणातून तीन कुत्री पुढे आली आणि आम्ही तिकडे वळलो. टोचण्यापूर्वी नोंद करायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी मला सांगितलेला होता. चूक माझीच होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. ते कार्ड त्या घरात जपून ठेवलेले असणार. आपला कुत्रा आता सुरक्षित आहे, असे ते घर समजून चालणार. उद्या तो चावला, तर जखम धुवायची, दवाखाना गाठायचा, हे कोणी करणार नाही. अज्ञान एक वेळ परवडते. खोटी खात्री परवडत नाही. मी शाखेत असताना निदान मुलाच्या आईच्या हाती असे कार्ड तरी दिले नव्हते.

सकाळी कामाला निघण्यापूर्वी भाची आणि मी गाडी घेऊन नकाशावरच्या त्या खुणेपाशी गेलो. मुलगा शाळेचा गणवेश घालून दारात उभा होता. बॉबी मातीत पसरला होता. त्याच्या डोक्यावर रंगाची रेघ नव्हती. भाचीने लस टोचली, रेघ ओढली. मी मुलाला इंग्रजीत आणि खुणांनी सांगितले की, काल चूक झाली होती, ती माझी होती. त्याला काय समजले कोण जाणे. तो "झिकोमो, अगोगो" म्हणाला आणि शाळेकडे पळाला. गाडीत बसल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, म्हणूनच तुम्हांला आणले."

जेथे उत्तर सापडले नाही

दुसऱ्या आठवड्यातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे कथन प्रामाणिक होणार नाही. एका वस्तीतून निरोप आला की, एक कुत्रा विचित्र वागतो आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तो एका भिंतीच्या आडोशाला होता. जबडा लोंबलेला, तोंडातून लाळ, मागचे पाय लटपटत होते. समोर येईल त्याला तो चावायला जाई. काठी पुढे केली तर काठीलाही. लोकांनी मुलांना घरात कोंडून घेतले होते. पशुवैद्यांनी दुरून पाहूनच निदान केले. त्याला जाळ्यात धरून, भूल देऊन, वेदनेविना त्याचे जीवन संपवावयाचे आणि खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा, हा नियम.

मी तेथून दूर गेलो. जन्मापासून ज्या घरात मुंगी चुकवून पाऊल टाकायला शिकवले, त्या घरचा मी. सायंकाळी मी त्या पशुवैद्यांना विचारले, "त्याला एकांतात ठेवून नैसर्गिक मरण येऊ देता आले नसते का?" ते शांतपणे म्हणाले की, तो फार तर काही दिवस जगला असता, आणि ते दिवस त्याने ज्या यातनेत काढले असते, तिला पशुवैद्य म्हणून 'नैसर्गिक' एवढे सौम्य नाव ते देऊ शकत नाहीत. शिवाय येथे त्याला सुरक्षित कोंडून ठेवण्याची सोय नाही, आणि तो सुटला तर त्या गल्लीत मुले आहेत.

त्या उत्तराचा प्रतिवाद मला करता आला नाही. पण मान डोलावणेही जमले नाही. दुसऱ्या दिवशी मी उपवास केला. आजही मी या प्रश्नाचा निकाल लावू शकलेलो नाही, आणि वाचकांपैकी कोणी लावला असेल तर त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच उमजले की, तो प्रसंग एक वर्ष आधी टाळता आला असता. त्या कुत्र्याला वेळेवर एक मिलिलिटर लस मिळाली असती, तर ना त्याला त्या यातना झाल्या असत्या, ना कोणाला सुई हाती घ्यावी लागली असती. अहिंसेचा कठीण प्रश्न पुष्कळदा शेवटच्या घटकेला आपल्यापुढे उभा राहतो. त्याचे सोपे उत्तर आपण आधीच कुठे तरी सोडून आलेलो असतो.

मुंबईचा एक जुना अध्याय

परत आल्यावर मी या विषयाचे वाचन केले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १८३२ साली, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने मुंबईच्या इंग्रज प्रशासनाने मोकाट कुत्री मारण्याचे फर्मान काढले. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीसही ठेवले. त्याविरुद्ध जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू आणि जैनही त्यात होते. बाजार बंद पडले. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन-हिंदू व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. मारण्याला त्या पिढीने नुसता विरोध केला नाही. निराधार जनावरांना राहायला जागा दिली.

त्या वेळी लस नव्हती. लुई पाश्चर यांनी माणसाला रेबीजची पहिली लस टोचली ती १८८५ साली. म्हणजे आपल्या पूर्वजांपुढे दोनच पर्याय होते, मारणे किंवा सांभाळणे. आणि त्यांनी सांभाळणे निवडले. आपल्यापुढे तिसरा पर्याय आहे. तो दूर आफ्रिकेतच आहे असेही नाही. शेजारच्या गोव्यात राज्य शासन आणि हीच संस्था यांनी वर्षानुवर्षे घरोघर व गल्लोगल्ली लसीकरण केले, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ साली गोवा 'रेबीज नियंत्रित' क्षेत्र म्हणून घोषित झाले. असे घोषित होणारे ते देशातील पहिले राज्य. तेथे कुत्री मारून हे साधलेले नाही.

घरी परतल्यावर

सौभाग्यवतीच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देतो: पांजरपोळाला चारा द्यावाच, पण आपल्या दारातल्या कुत्र्याला घास घालणाऱ्याने त्याला लसही द्यावी. घास ही दयेची पहिली बाजू. लस ही दुसरी. वहीची एकच बाजू लिहून ताळेबंद होत नाही.

आणि एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. कुत्रा चावला, ओरखडा उठला, किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लशीच्या सर्व मात्रा ठरल्या तारखांना पूर्ण कराव्यात; डॉक्टरांनी जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शन सांगितले, तर तेही टाळू नये. आणि मुलांना असे वाढवावे की, कुत्रा चावला हे सांगताना त्यांना रागावले जाण्याची भीती वाटू नये. पुष्कळ मुले केवळ त्या भीतीने गप्प राहतात.

मलावीहून आल्यावर मी आमच्या वसाहतीतील कुत्र्यांची एक वही घातली. रंग, खुणा, कोणत्या दारी जेवतात, सारे लिहिले. एकूण ४१ भरली. दोन तरुण पशुवैद्य आणि वसाहतीतील चार-पाच उत्साही मंडळी यांच्या मदतीने पहिल्या वर्षी ३३ जणांना लस टोचली गेली. म्हणजे ऐंशी टक्के. मी पान उलटून खाली रेघ मारली आणि तारीख घातली.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे एक कुत्री व्याली. पाच पिले आहेत. सकाळी फिरायला जाताना मी वही सोबत नेली आणि नव्या पानावर पाच ओळी लिहिल्या. लशीच्या रकाना अजून रिकामा आहे. पिले तीन महिन्यांची झाली की तो भरायचा आहे. ती तारीख मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.